मुन्नीचा आकडा

कमलबाईला दुसऱ्याचं चांगलं झालेलं कधी बघवलं नाही. कुरुंद्यात शेजारणीची हळद चांगल्या भावानं गेली तरी हिचं डोकं दुखायचं. मग दवाखान्यात येताना स्वभाव काय घरी ठेवून येणार?

२००७ सालची गोष्ट. हिंगोलीच्या एका खासगी दवाखान्यात, अतिदक्षता विभागात तिची लेक करुणा होती आणि शेजारच्या खाटेवर मुन्नी. मुन्नीची आई खतीजाबी वारंगा फाट्यावर चहाचं हॉटेल चालवायची. दोन्ही पोरींचा आजार एकच. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढलेला, त्यानं हृदय थकलेलं. डॉक्टर रक्त काढून नांदेडला पाठवत. त्याच्या आकड्यावरून पेशंट तगेल का याचा अंदाज येतो, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. आकडा वाढावा की उतरावा, हे कमलबाईनं विचारलंच नाही. गावच्या शिबिरात नर्सबाई रक्त तपासायच्या. आकडा वाढला की शाबासकी, कमी भरला की बीट खा. एवढं तर तिला ठाऊक होतं.

करुणाचा आकडा आला पाचशे, मुन्नीचा नऊशे. कमलबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. चहावालीच्या पोरीचं रक्त माझ्या लेकीपेक्षा सरस?

पाणीसुद्धा मोजून द्यायचं, अशी ताकीद होती. तरी भेटायला जाताना ती पदराआड बिटाचा रस नेऊ लागली. करुणा नको म्हणायची.

"पी गं. त्या मुन्नीच्या पुढं जायचंय आपल्याला."

करुणाचा पुढचा आकडा अकराशे आला. मुन्नीचा सातशेवर उतरला होता. कमलबाईनं लेकीचा आकडा खतीजाबीला मुद्दाम ऐकवला. खतीजाबीलाही यातलं काही कळत नव्हतं. ती रडवेली होऊन विचारू लागली, पोरीला काय देता ते मलाही सांगा. कमलबाई म्हणाली, काहीच नाही. हिची पोरगी पुन्हा पुढं कशाला जाऊ द्यायची?

त्याच संध्याकाळी करुणाचे पाय सुजले, श्वास पुरेना. घशात नळी घालावी लागली. काय पाजलं, असं डॉक्टरांनी दोघींसमोरच विचारलं आणि कमलबाईनं सांगून टाकलं. मग ते म्हणाले, हृदयावर ताण जितका जास्त तितका हा आकडा मोठा. तो उतरायला हवा होता.

मुन्नीचा उतरत गेला. तिला साध्या वॉर्डात हलवायचं ठरलं. आता कमलबाई खरी जळली. ही पोरगी का उठली, माझी का नाही, असं तिच्या मनात आलं आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

सामान आवरून खतीजाबी तिच्याजवळ येऊन बसली.

"त्या दिवशी तुमी रसाचं सांगितलं न्हाई, मला लई राग आला होता," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर मी बी पाजला असता. तुमच्यामुळं माझं लेकरू वाचलं, कमलबाई."

कमलबाईनं तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. तो नव्हता. काचेपलीकडं करुणाचा श्वास मशीन घेत होतं, आणि खतीजाबी कमलबाईचे दोन्ही हात धरून मनापासून तिचे उपकार मानत होती.