कापलेल्या जाळ्यांची तार

मित्रांनो, फार जवळ येऊ नका. मला टोक आहे आणि अंगाला मासळीचा वास आहे. कार्यालयात पावत्या खोचायची एक उभी तार असते ना, खाली लाकडी चकती असलेली? ती मी. वय झालं आहे, पण ताठ आहे. आमच्यात वाकलेलीला कुणी ठेवत नाही.

सायकली दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने मला कानशीने घासून टोक दिलं आणि समुद्री कासवं वाचवणाऱ्या एका संस्थेत माझी नेमणूक झाली. तिथले हिशेब मावशी लिहायच्या. सगळं बंदर त्यांना मावशीच म्हणे, त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा.

काम असं होतं. कासव जाळ्यात अडकलं की ते जिवंत सोडवायला जाळं कापावं लागतं. त्यात मच्छीमाराचं नुकसान होतं, ते संस्था भरून द्यायची. पण भर समुद्रात पावती कोण फाडणार? मग मावशींनी नियम केला : "कापलेला तुकडा आणायचा, चिठ्ठीवर तारीख आणि होडीचा नंबर घालायचा, तेव्हाच पैसे. तुकडा नाही तर कासवही नाही!" चिठ्ठी आणि तुकडा, दोन्ही माझ्यात खोचले जात. पाहुणे आले की मावशी मला पुढे करायच्या आणि पाहुणे नाक दाबून माझं कौतुक करायचे.

पुढे नवे साहेब आले. कागद संगणकात गेले. चिठ्ठ्या स्कॅनरच्या यंत्रात सरकत, जाळ्याचे तुकडे मात्र अडकून बसत. दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेल्यावर साहेबांनी हुकूम सोडला, "हा सगळा खर्च 'किरकोळ'मध्ये टाका." माझी बदली झाडू-बादलीच्या खोलीत झाली. तिथे माझ्यावर ओली फडकी वाळत. मावशी मात्र घरी निघताना रोज यायच्या, फडकं उचलायच्या आणि त्या दिवसाची चिठ्ठी तुकड्यासकट खोचून जायच्या. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. म्हणूनच ते नीट होत होतं.

एके दिवशी तपासनीस बाई आल्या. दान घेणाऱ्या संस्थांचा पैसा कुठे जातो ते पाहून त्यांना गुण देणं, हे त्यांचं काम. गुण कमी पडले तर देणगीदार हात आखडता घेणार, भरपाई बंद होणार, आणि मग आपलं चांगलं जाळं कोण कापेल? कासवांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती नेहमीसारखी पोहत होती.

बाईंनी आधी वार्षिक अहवाल चाळला. गुळगुळीत कागद, कासवाचे दोन फोटो, साहेबांचे चौदा. परक्या माणसाला वाटावं, नामशेष होत चाललेत ते साहेबच. खर्चाच्या पानावर बाई थांबल्या.

"शंभरातले अडतीस 'किरकोळ'?"

"म्हणजे... तसा किरकोळच खर्च, मॅडम."

"अडतीस किरकोळ? मग मोठा खर्च कशाला म्हणता?"

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. पंख्याने जबाबदारी घेतली नाही.

मावशी उठल्या. त्यांनी मला फडक्यासकट आणलं आणि अहवालावर ठेवलं. "हे घ्या तुमचं किरकोळ!"

बाईंनी नाक दाबलं नाही. बाह्या दुमडून त्यांनी एकेक चिठ्ठी नोंदीशी ताडून पाहिली. नोंदी तीनशे सोळा. तुकडे मात्र तीनशे सतरा! साहेब पांढरेफटक पडले.

"हा जादा तुकडा कुठला? आणि मऊ कसा?"

"त्याच्या मालकालाच विचारा," म्हणून मावशींनी एका उंच मच्छीमाराला बोलावून घेतलं. त्याला बंदरावर डोलकाठी म्हणत.

"अगं मावशी, ते अजून ठेवलंस होय!" तो दारातच ओशाळला. "मच्छरदाणीचा आहे तो, मॅडम."

"कासव पलंगावर चढलं होतं याच्या," मावशी म्हणाल्या.

"पैसे दिलेच नाहीत हो हिने. वर माझ्या बायकोला सांगितलं!"

बाईंनी चिठ्ठी उलटली. मागे मावशींच्या अक्षरात एकच शब्द होता : 'नामंजूर'. बाई पहिल्यांदा हसल्या. "पैसे दिल्याचा पुरावा सगळेच ठेवतात. नाही म्हटल्याचा पुरावा मी आजच बघतेय."

तरी बाई बंदरावर गेल्याच. डोळे झाकून विश्वास ठेवण्याचा पगार त्यांना मिळत नव्हता. सोबत मला नेलं. इतकी वर्षं समुद्राचे हिशेब अंगावर वागवले, पण समुद्र पाहिला तो त्या दिवशी. पाच होड्यांच्या जाळ्यांना लावलेल्या ठिगळांवर माझे पाच तुकडे ठेवून पाहिले. पाचही तंतोतंत बसले. बंदराने अशी काही आरोळी ठोकली की बगळे उडाले.

शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण पडले! दोन कापले ते 'किरकोळ' या एका शब्दापायी. आता हिशेबात 'कापलेली जाळी' असं स्वतंत्र खातं आहे, भरपाई आणखी दोन बंदरांवर सुरू झाली आहे, आणि मी मावशींच्या टेबलावर मधोमध आहे.

मित्रांनो, लोक विश्वासाने पैसा देतात. तो कुठे गेला असं कुणी विचारलं तर रागावू नका, दाखवा. त्यासाठी फाटकी चिठ्ठीही जपा. आणि जुनी वस्तू भंगारात देण्याआधी तिने काय काय धरून ठेवलंय ते एकदा पाहा. आज सकाळीच एक भलंमोठं कासव सुटलं. तुकडा अजून ओला आहे, खारं पाणी टेबलभर पसरतंय, आणि साहेब स्वतः उठून माझ्यासाठी फायली बाजूला सरकवताहेत.