डावीकडे वळताना

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे, आणि गेल्या उन्हाळ्यात मला वळायची भीती वाटू लागली होती. सरळ रस्त्यावर माझं काही बिघडत नसे. डावीकडे वळण दिसलं, की मात्र माझी चाकं जड व्हायची. गाडीला कुठली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याच्या पाठीवर ओझं असतं ना, त्याला भीती बरोबर कळते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला आणि मी नागपूरला आले ती जरीपटका वस्तीतल्या अंकुशची होऊन. लकडगंजच्या लाकूडबाजारातून सागवानी चौकटी, दारं, पलंगाच्या फळ्या गावभर पोहोचवायच्या, हे आमचं काम. तिथल्या गल्ल्या इतक्या अरुंद, की माल भरलेला असताना उभ्या जागीच चाकं करकचून वळवावी लागत. तरी मी कधी कुणाच्या भिंतीला घासले नाही. व्यापारी म्हणत, "अंकुशची गाडी सांगा गा, मालाले खरोच नाही येत." हे ऐकलं, की माझा हॉर्नसुद्धा जरा ऐटीत वाजायचा.

अंकुशचा माझ्यावर फार जीव. काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम', आरशाला छोटी पंचरंगी झेंडी. बायको माया त्याला चिडवायची, "घरच्याइच्यापेक्षा हिचीच काळजी जास्त!" दर महिन्याला तो मला धुवायला नेई आणि गंज लागू नये म्हणून खालून काळं ऑइल मारायला लावी. इंजिनातून काढलेलं जुनं ऑइल फवाऱ्याने माझ्या अंगाखाली उडवत. आमच्याकडे पुष्कळ गाडीवाले हौसेने हे करतात. मलाही बरं वाटे. तेल लावून घ्यायला कुणाला आवडत नाही?

मग तो आवाज सुरू झाला. आधी नुसती किरकिर, चप्पल घासल्यासारखी. पुढे डावीकडे वळताना स्पष्ट 'टक्' व्हायला लागलं. स्टिअरिंगकडून येणारी दांडी जिथे चाकाला जोडतात, तिथे वाटीत एक लोखंडी गोळी बसवलेली असते. ती ग्रीसमध्ये फिरते आणि धूळ जाऊ नये म्हणून तिच्यावर रबराची टोपी असते. माझ्या डाव्या चाकाकडची टोपी फुगून फाटली होती. ग्रीस गळून गेलं, धूळ शिरली आणि गोळी वाटीत खुळखुळू लागली. ती पार निसटली, तर अंकुशने स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी ते चाक आपल्या मर्जीने जाणार. हे मला ठाऊक होतं. त्याला नव्हतं.

त्याने काही केलं नाही असं नाही. स्टिअरिंगचं ऑइल कमी असेल म्हणून ते भरलं. एकदा अश्विन मेकॅनिककडेही नेलं. पण रिकाम्या गाडीने सरळ रस्त्यावर फेरी मारली, तर आवाज येणार कुठून? डॉक्टरसमोर मुलांचं पोट दुखायचं थांबतं, तसंच झालं. अश्विनने वरवर ग्रीस फवारलं. चार दिवस मी गप्प राहिले आणि पुन्हा बोलू लागले. तेव्हा अंकुशने गाण्याचा आवाज वाढवला. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा रडू आलं.

तेवढ्यात बुद्धपौर्णिमा आली. मायाचं माहेर रामटेकच्या पलीकडे, एका तलावाकाठच्या खेड्यात. तिथल्या नव्या विहारात बसवायची संगमरवरी बुद्धमूर्ती मी न्यायची होती. असा मान कोणत्या गाडीला मिळतो? पण मूर्ती हलू नये म्हणून माया मागे बसून तिला धरणार, असं ठरलं आणि माझं धाबं दणाणलं. त्या खेड्याची वाट मला पाठ आहे. रस्ता उतरत जातो आणि उताराच्या शेवटी डावीकडे वळतो. समोर पाणी. गोळी तिथेच निसटली तर? रोज मला तेच दिसू लागलं. सांगू कुणाला आणि सांगू कशी?

पौर्णिमेच्या सकाळी पांढरं लुगडं नेसलेली माया मागे चढली. मूर्ती गाद्यांमध्ये बसवून दोरांनी बांधली होती. मायाने दोन्ही हातांनी तिला कवेत घेतलं. शेजारचा सौरव आपली पिकअप घेऊन आमच्यामागे येणार होता. अंकुशने मला गल्लीतून बाहेर काढायला स्टिअरिंग डावीकडे वळवलं आणि मी आवाज काढायला होता नव्हता तो सगळा जोर लावला.

टक्!

"हा आवाज काहून येऊन राह्यला जी?" माया मागून ओरडली.

"काही नाही वं. जुनी गाडी हाय, कुरकुरतेच."

"कुरकुरते तं आयकून घ्या ना का म्हनते ते! माह्या पायाले हादरा बसला."

"उशीर होऊन राह्यला, माया. सारं गाव वाट पाहून राह्यलं."

माया खाली उतरली. "इंजन बंद करा आन् नुसतं स्टिअरिंग फिरवा," ती म्हणाली. अंकुश तोंड वाकडं करून दोन्ही हातांनी जड स्टिअरिंग फिरवू लागला. इंजिन बंद, गाणं बंद, गल्ली चिडीचूप. टक्. पुन्हा फिरवलं, पुन्हा टक्. स्टिअरिंगच्या ऑइलचा पंप इंजिनावर चालतो, तो तर आता बंदच होता, मग आवाज त्याचा कसा? अंकुशचा चेहरा पहिल्यांदा उतरला. आणि माया, त्या पांढऱ्याशुभ्र लुगड्यानिशी, सरळ रस्त्यावर आडवी होऊन माझ्या चाकामागे डोकावली.

"अश्विनले बोलवा," ती म्हणाली. "इथलं रबर फाटेल हाय."

अश्विन आला. त्याने जॅक लावून चाक उचललं, दोन्ही बाजूंनी धरून हलवलं आणि चाक खुळखुळलं. तो म्हणाला, "त्या दिवशी मले चाक उचलूनच पाहाले पायजे होतं. ही गोळी आज नाही तं उद्या निसटली असती." त्याने फुगलेलं रबर बोटांनी दाबलं. ते चिखलासारखं लिबलिबीत झालं होतं. "अंकुशभाऊ, खालून का मारता तुमी?"

"काळं ऑइल. गंज लागू नये म्हनून."

"त्यानंच खाल्लं हे. रबराले ते चालत नाही."

अंकुश तिथेच ओट्यावर बसला. "म्या तं हिच्या भल्यासाठीच करत होतो गा," एवढंच तो म्हणाला आणि पांढऱ्या लुगड्यावरच्या काळ्या डागांकडे बघत राहिला. मला त्याची फार दया आली. त्याच्याइतकं प्रेम माझ्यावर कुणी केलं नाही.

सुट्टीचा दिवस, नवा भाग मिळणार नव्हता. सगळ्यांनी मिळून मूर्ती सौरवच्या पिकअपमध्ये हलवली आणि चहूबाजूंनी घट्ट आवळली. माया, अंकुश पुढे बसले. मागे कुणीच बसलं नाही. "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणत ते निघून गेले आणि मी एक चाक काढलेल्या अवस्थेत जॅकवर उभी राहिले. दिवसभर ऊन डोक्यावर तापत होतं आणि मी त्या उतारावरच्या वळणाचाच विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी अश्विनने नवा भाग बसवला. काळं ऑइल आता बंद आहे.

मित्रांनो, गाड्या धुवा, पुसा, सजवा, आम्हाला ते आवडतं. पण आम्ही आवाज केला, तर तो दडपू नका. इंजिन बंद करा, थोडं थांबा, खाली वाकून बघा. अंगावर डाग पडले तरी चालतील.

त्या पौर्णिमेच्या संध्याकाळी माया गल्लीत उतरली, हसत, बोलत, भुकेली, धडधाकट. मी आयुष्यभर किती ओझी वाहिली! पण माझं सगळ्यात मोठं काम त्या दिवशी झालं आणि त्या दिवशी मी जागची हललेही नव्हते.