चार नंबरच्या धक्क्यावरची क्रेन

मी एक जुनी क्रेन आहे. मित्रांनो, एका मोठ्या बंदरात, चार नंबरच्या धक्क्यावर माझे सारे आयुष्य गेले. तिथे मालाची जहाजे लागत, तशी प्रवाशांचीही. आले त्याच दिवशी मी एक अख्खे रेल्वे इंजिन उचलले. हमालांनी माना वर करून टाळ्या वाजवल्या आणि मला आकाश ठेंगणे झाले.

माझी काळजी मला तेलपाणी करणारे तेलकाका घेत. रोज सकाळी ते माझ्या पोलादी दोरावरून चिंधी फिरवत. तुटकी तार चिंधीत अडकली, की काम बंद. मुकादम कितीही कुरकुरला तरी काका हटत नसत. पुढे त्यांचीच लेक मला चालवायला आली.

काका निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणाला नेमले नाही. खारा वारा मात्र कधी रजा घेत नाही. माझा दोर आतून गंजत गेला. लेकीने कचेरीला तीनदा लेखी कळवले, तीनदा उत्तर आले, "पुढच्या महिन्यात बघू."

एका दुपारी प्रवाशांचे जहाज लागले होते. धक्क्यावर लांबलचक रांग होती. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या डोक्यावर वळकटी. शेजारच्या जहाजावर यंत्रांची एक अवजड पेटी चढवायची होती.

"उचल लवकर," मुकादम खालून ओरडला. "भरती ओसरायच्या आत जहाज निघायला हवं."

"दोर बरा वाटत नाही मला," लेक केबिनमधून म्हणाली.

"तपासणीत पास झालाय तो. कागद आहे माझ्याकडे."

"मग आधी रांग हलवा. खाली माणसं असताना मी उचलणार नाही."

"तासभर खोळंबा होईल."

"होऊ दे."

चडफडत त्याने रांग हलवली. पेटी दोन पुरुष उंच गेली आणि दोर तुटला. रांग होती त्याच जागी पेटी आदळली, फरशीचा चुरा झाला. एकाही प्रवाशाला खरचटले नाही. पण दोराचे टोक उसळून केबिनच्या काचेवर आले. लेकीचा डावा डोळा गेला.

चौकशी माझ्या पायथ्याशीच झाली. साहेबांनी विचारले, "क्रेन म्हातारी झाली होती, असं लिहू?"

"नका लिहू साहेब," ती म्हणाली. "म्हातारी नव्हती ती. बाबा घरी बसल्यापासून तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं."

साहेबांनी तेच लिहिले.

नव्या दोरावर मी पुढे बारा वर्षे राबले. ती मात्र पुन्हा वर चढली नाही. आता ती नव्या चालकांना शिकवते. पहिले आठ दिवस कुणाला केबिनमध्ये पाऊलही टाकू देत नाही, नुसता दोर तपासायला लावते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तोंड नाही. आमच्या वतीने कुणी "थांबा" म्हणाले, तर त्याच्यावर चिडू नका. त्या दुपारी रांगेतली माणसे आपापल्या घरी पोचली. आपण कुणामुळे वाचलो, हे त्यांना कधी कळलेही नाही.