बिनखिळ्याची केबिन

"खिळा हाय का यात?" ओंडक्यावर थाप मारत नामदेवनं विचारलं.

"खिला नको," गोजराबाई म्हणाली. "एक पन खिला नको, मिस्तरी."

नामदेवनं मान डोलावली, गेरूत भिजवलेली सुतळी ओंडक्यावर ताणली आणि टिचकी दिली. लाल रेघ उमटली. या वखारीत बावीस वर्षांत हा प्रश्न विचारल्याशिवाय त्यानं एकही लाकूड करवतीला लावलं नव्हतं. झाडाला माणसं काय काय ठोकतात, ते त्याला पाठ होतं. निवडणुकीच्या पाट्या, कपड्यांच्या दोऱ्या, म्हशीची साखळी. पण आपल्याला आपल्याच प्रश्नाचं उत्तर मिळालं की दुसऱ्याच प्रश्नाचं, हे मात्र त्यानं त्या दिवशी तपासलं नाही.

माणसांनाही तो लाकडासारखंच मोजायचा. वखारीचा मालक देवजी शेठ गोलाईला भरपूर, पण मध्ये पोकळ. गोजराबाई शिरवणे गावची, वाळून चिवट झालेली. असल्या लाकडाला घाईनं हात लावू नये. आणि स्वतः नामदेव, महाडकडचा, पाच फूट दोन इंच, अंगात एक गाठ नाही. म्हणून कुणीही कुठूनही कापावा.

गोजराबाईचं शेत सरकारी संपादनात गेलं होतं. बांधावरचा आंबा तोडून न्यायला आठ दिवस मिळाले, ते सहाव्या दिवशी तिनं तोडून आणला. रस्त्याकडेला दुकानाची जी केबिन सोमवारी उभी दिसेल, तिला संपादनाच्या ऑफिसातली माणसं नंबर देणार होती. नंबर असेल त्याला पुढं मार्केटात गाळा. नसेल त्याला काही नाही. आज गुरुवार होता.

"बाय, खिळा नको तर केबिन काय थुंकीनं चिकटवणार?" देवजी शेठनं जाताजाता विचारलं.

"खाचा पाडायच्या," नामदेवनंच उत्तर दिलं. "चार खांब, खांबांना खाचा, त्यात वरून फळ्या सोडायच्या. वर पत्रा तारेनं बांधायचा. माझा बाप गावाला असंच करायचा."

"तुझा बापला टाईम असेल," म्हणत शेठ जेवायला गेला.

पहिला काप साबणासारखा निघाला. दुसऱ्या कापाला चार फूट गेल्यावर टण्णकन आवाज झाला, करवतीचा पट्टा तुटून भिंतीवर आदळला आणि तिथंच सापासारखा वळवळून पडला. कुणाला लागलं नाही. नामदेवनं मशीन बंद केलं आणि पाचर मारून काप उघडला. आत लाकूड शाईसारखं काळंनिळं झालेलं. मधोमध खिळ्याचा चकाकता काप.

"मी विचारलेलं तुला, बाय."

"मी बोलली ना, खिला नको." गोजराबाई म्हणाली. मग तिनं वखारीत कुणी नाही हे बघून घेतलं. "चार हायत."

"चार?"

"कोनाला सांगायचं नसतं. भगतानं सांगितलेलं, पोर गेलं का झाराला एक खिला मारायचा. माजी चार गेली, चार मारलं. मंग मीना झाली. ती ऱ्हायली." तिनं ओंडक्यावर हात ठेवला. "आता पाचवा मारला तं पाचवं जाईल. उपसला तरी तेच. म्हनून झार सोरून नाय आलं, मिस्तरी. त्या लोकांनी काय केलं असतं त्याचं?"

नामदेवच्या घरातले देव त्याच्या बापानंच छप्पन साली नदीत सोडले होते. असल्या गोष्टींना त्याच्याकडे माप नव्हतं. पण बोटांनी मोजायची सवय, त्यानं मोजलं. कापलेला खिळा सालीपासून सहा बोटं आत, बाकीच्यांचे नुसते काळे डाग दिसत होते: दुसऱ्याचा पाच बोटांवर, तिसऱ्याचा साडेचार, चौथ्याचा तीन. झाड वाढत गेलं होतं आणि एकेकाला पोटात घेत गेलं होतं.

देवजी शेठ तोंड पुसत आला तेव्हा त्यानं आधी पट्टा पाहिला, मग काप, मग बाई. वखारीचा नियम भिंतीवर लिहिलेला होता. गिऱ्हाइकानं खिळा लपवला आणि पट्टा तुटला, तर लाकूड वखारीचं.

"विचारला होता तू?"

"ऱ्हायलं, शेठ."

"बावीस वरसमां पहिल्यांदा राहिला?"

"ऱ्हायलं."

शेठ पोकळ असला तरी मूर्ख नव्हता. त्यानं आवाज खाली आणला. "नामदेव, एक शब्द बोल. बाय खोटा बोलली, एवढाच. लाकूड इथे राहील, तू पण राहशील."

गोजराबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. नामदेव भुशात पडलेली सुतळी गुंडाळत होता. पुरती गुंडाळून झाल्यावर म्हणाला, "विचारायचं ऱ्हायलं, शेठ."

"मग जा तू पण लाकडासंगत."

बावीस वर्षं अशी बैलगाडीत बसून गेली.

राहिलेलं काम गोजराबाईच्या अंगणात, दोन माणसांच्या करवतीवर झालं. एका टोकाला नामदेव, दुसऱ्या टोकाला मीना. एकोणीस वर्षांची, हाडापेरानं मजबूत.

"काका, ओढू का ढकलू?"

"नुसतं ओढायचं. ढकललंस का करवत वाकते."

"आईला काय टेन्शन हाय खिळ्यांचं? बोलते, गंज लागतो."

"लागतोच," नामदेव म्हणाला. "ओढ."

चार खिळ्यांचा भाग त्यानं तसाच ठेवला, एक फूट जाडीचा. तोच पुढचा खांब केला. बाकीचे तीन खांब चार-चार इंचांचे निघाले. हत्तीचा एक पाय आणि शेळीचे तीन, अशी ती केबिन रविवारी संध्याकाळी रस्त्याकडेला उभी राहिली. तीत एकही नवा खिळा नव्हता. येणारेजाणारे हलवून बघत होते. हलत नव्हती. गोजराबाईनं त्या रुंद खांबाला हळद लावली, आणि नामदेवनं ती पाहिली नाही असं केलं.

सोमवारी दहा वाजता ऑफिसातली दोन माणसं आली. एकाच्या हातात वही, दुसऱ्याच्या हातात पत्र्याचे नंबर आणि हातोडी. गोजराबाई नळावर गेली होती. नामदेव मागच्या बाजूला पत्र्याची तार पिळत होता.

"नाव?"

"गोजरा. आई येईलच," पुढून मीनाचा आवाज आला. "नंबर इथं लावा ना, जाड खांबावर. लांबून दिसंल. थांबा, मी सरळ धरते."

नामदेवच्या हातातली तार सुटली. तो वळसा घालून पुढं येईपर्यंत एक घाव पडला होता. एकच. आंब्याचं लाकूड मऊ असतं.

माणसं पुढच्या केबिनीकडे गेली. मीना पदरानं नंबर पुसत होती. सत्तावीस.

गोजराबाई हंडा घेऊन आली आणि थांबली. तिनं हंडा उतरवून जमिनीवर ठेवला. थेंब सांडला नाही.

"किती मारलं?" तिनं विचारलं.

"काय किती?"

"खिलं."

"एक. एकातच बसला," मीना म्हणाली. "बघ ना आई, केवढा सरळ आलाय."

नामदेवनं पिशवीतून पक्कड काढली. खिळा नवा होता, वर माथा होता, एका हिसक्यात आला असता. खिळा आला की नंबरही हातात येणार होता, आणि वहीवाला अजून दहा पावलांवर होता. नामदेवनं काही विचारलं नाही. पक्कड गोजराबाईपुढं धरली.

तिनं ती घेतली. खांबाकडे पाहिलं, मग मीनाकडे. मीनानं फळी उघडून आत कांद्याच्या आणि सुक्या बोंबलांच्या टोपल्या मांडायला घेतल्या होत्या.

गोजराबाई केबिनीच्या दाराशी बसली. दुपारी पहिलं गिऱ्हाईक आलं, त्याला मीनानंच वजन करून दिलं. दिवे लागले, वाहनं कमी झाली, तेव्हाही पक्कड गोजराबाईच्या मांडीवर होती, आणि तिच्या मुठीत गरम झाली होती.