आपल्याच विहिरीचा ठसका

कंठेश्वरबाबाला या व्यवहारात काय मिळायचं होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे चमत्कार नीट दिसतो. विहिरीसकट सव्वा एकर काळी जमीन. विहिरीवरचं चालू इंजिन. शिवाय नारळ, कोंबड्या आणि गुळाच्या ढेपा. या वस्तू बाबा कधी मागत नसे, फक्त नको म्हणायला विसरत असे. बदल्यात त्याने द्यायचं काय, तर दर बुधवारी आणि रविवारी वाटीभर तीर्थ.

साल एकाहत्तर, महिना फेब्रुवारी. कोपरगावच्या रस्त्याला निवडणुकीच्या जीपगाड्यांनी धुरळा उडवला होता. पण गोदाकाठच्या डोहवाडीत बाबाच्या मठापुढे रविवारी जमायची तेवढी माणसं एकाही उमेदवाराला लाभली नाहीत. उमेदवार नुसतं सांगत होते. बाबा दाखवत होता.

दाखवायची वस्तू म्हणजे कानिफनाथ, गावाचा कानिफतात्या. कोपरगावच्या पेठेत पंधरा वर्षं गुळाचे लिलाव पुकारलेला माणूस. त्याचं "एक वार, दोन वार, तीन वार" टांग्यांच्या अड्ड्यापर्यंत ऐकू जायचं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी त्याचा उजवा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं आणि बोलणं गेलं. एवढ्या मोठ्या गळ्यात मागे उरला एकच शब्द, "व्हय". आणि पाण्याचा घोट घेतला रे घेतला की ठसका. असा ठसका, की बघणाऱ्यानेच श्वास धरावा.

त्याची बायको चांगुणा मोजण्यात पक्की. गोवऱ्या किती, अंडी किती, पाहुण्याने भाकरी किती खाल्ल्या, सगळं तिच्या डोक्यात. त्या रविवारी मठात ती नवऱ्याचे ठसके मोजत होती.

"ह्याच्या कंठात कोन बसलंय?" बाबाने दाढी हलवत गर्दीला विचारलं. "ह्याच्याच हिरीतलं बसलंय! पानी बगितलं की ते म्हनतं, आधी म्या पिनार! आबासाहेब, पाजा त्याला घरचं पानी. बगू द्या लोकांना."

आबासाहेब हा तात्याचा धाकटा भाऊ. थोरल्यावर जीव असलेला, आणि म्हणूनच बाबाला सगळ्यांत उपयोगी पडणारा. त्याने घरून आणलेला तांब्या उचलला. तात्याने मान मागे टाकली, आ केला, आणि आबासाहेबाने वरून धार सोडली. पहिल्याच घोटाला तात्या निळाजांभळा झाला. चांगुणाने मोजले, सतरा ठसके.

"बगितलं?" बाबा गरजला. "आता माजं तीर्थ. मान खाली! देवाफुडं ताठ मान चालत न्हाई. हनुवटी छातीला! ओम् कंठाय गटागटाय नमः!"

पळीपळीने तीर्थ आत गेलं. कापूर आणि तुळशीचा वास. शेवटची पळी हनुवटीवरून ओघळली, ती चांगुणाने पदराने टिपली. ठसके शून्य.

लोकांनी असा जयजयकार केला की मठावरची कबुतरं नदीपार गेली. तेवढ्यात बाबाने आवाज मऊ केला. "कानिफनाथा, भूत हिरीत हाय. हीर देवाच्या नावावर केल्याबिगर ते जायाचं न्हाई. करायची का मठाच्या नावावर? त्या भवतालच्या रानासंगट?"

"व्हय," तात्या म्हणाला.

"ऐकलं? आपल्या तोंडानं म्हनला!"

आबासाहेबाने डोळे पुसले. पुढच्या सोमवारी कोपरगावच्या कचेरीत कागद करायचा ठरला. चांगुणाला कुणी काही विचारलं नाही. विचारायची पद्धत नव्हती.

पण तिच्याकडे मोजायला आठ दिवस होते. मठाच्या दोन वाट्या सोडल्या तर तात्याच्या पोटात पाणी म्हणून काही जात नव्हतं. दुधात कुस्करलेली भाकरी उतरायची. नुसतं दूध मात्र ठसकवायचं. बाबाकडे याचंही उत्तर होतं, म्हणे भूत भाकरीला भितं. रोज संध्याकाळी अंगात ताप. आणि गेल्या महिन्यात बसणारी बंडी आता खुंटीला अडकवल्यासारखी अंगावर लोंबत होती.

सोमवारी लुगडं धुवायला काढलं तेव्हा पदराचा एक कोपरा पापडासारखा कडक लागला. चांगुणा थबकली. तात्याच्या पेठेतल्या टोपीला आणि धोतराला पंधरा वर्षं तिनेच खळ दिली होती. वाळलेली खळ हाताला कशी लागते ते तिला कुठल्याही बाबापेक्षा जास्त कळत होतं.

'देवाच्या तीर्थाला खळ कशापायी?' ती मनाशी म्हणाली आणि पदर न धुताच दवाखान्याची वाट धरली.

सरकारी उपकेंद्रात पुष्पावती नावाची नर्स होती. गावाच्या मते तिची नेमणूक बायकांना पाळणा लांबवायचा लूप बसवायला आणि पोरांना टोचायला. बाकी तिला काही येतं असा कुणाला संशय नव्हता. तिने घरी येऊन तात्याची छाती तपासली आणि तिचा चेहरा गंभीर झाला.

"पाणी फुप्फुसात जातंय. म्हणून ताप. यांना पाजता कसं?"

"कसं म्हंजी? वरनं. तांब्या उष्टा करायचा न्हाई, आमच्यात रीत हाय."

"बसा इथं. आढ्याकडं बघा. आता थुंकी गिळा."

चांगुणाने मान वर केली, गिळून पाहिलं. जड गेलं. घशात काहीतरी अडल्यासारखं झालं.

"आता हनुवटी छातीला लावा आणि गिळा."

सहज उतरलं. चांगुणाच्या कानात बाबाचा आवाज घुमला, 'मान खाली! हनुवटी छातीला!' तिने नर्सबाईकडे पाहिलं.

"घशात नळ्या दोन," पुष्पावती सांगू लागली. "एक पोटाकडं जाते, एक फुप्फुसाकडं. आपण गिळतो तेव्हा फुप्फुसाच्या नळीवर झाकण पडतं. तात्यांना मेंदूचा झटका आलाय, त्यामुळं त्यांचं झाकण आळशी झालंय, उशिरा पडतं. पाणी पडलं चपळ, ते आधीच आत. त्यात मान मागं टाकली की दार सताड उघडं. घट्ट पदार्थ सावकाश सरकतो, तोवर झाकण पडतं."

"म्हंजी तीर्थ घट्ट हाय!" चांगुणाने पदर पुढे केला. "खळीवानी वाळतंय बगा."

पुष्पावतीने पिशवीतून आयोडीनची बाटली काढली आणि पदराच्या कडक कोपऱ्यावर एक थेंब सोडला. तपकिरी थेंब बघताबघता काळानिळा झाला.

"आरारूट असणार," ती हसून म्हणाली. "पिष्ट असलं की हा रंग येतो. आजाऱ्याला देतो तेच आरारूट, पाण्यात शिजवलेलं. वाण्याकडं मिळतं."

वाण्याकडून पुडी आली. ज्या विहिरीत भूत होतं त्याच विहिरीचं पाणी चुलीवर चढलं. चांगुणाने ढवळून ढवळून पातळ खळीसारखं केलं, निववलं आणि तात्याला भिंतीला टेकवून ताठ बसवलं. मान खाली. चमच्याने एक घोट. दुसरा. वाटी संपली. ठसके शून्य. तात्याने रिकामी वाटी डाव्या हाताने पुढे केली. चांगुणाने दुसरी भरली, पण चुलीकडे तोंड करून जरा उशीर लावला.

"आन् बोलनं, नर्सबाई?"

"ते एका वाटीत यायचं नाही. मुंबईला मी शिकत होते तिथं अशा माणसांना बोलायला शिकवणारा विभागच होता. झटक्यानं शब्द सापडेनासे होतात. कळतं बरंच, पण तोंडाला भलताच शब्द येतो. मात्र आयुष्यभर घोकलेलं कधी कधी आपोआप बाहेर पडतं. यांचं असं काय आहे?"

चांगुणाने नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि पेठेत ऐकला होता तसा आवाज लावला. "एक वार..."

तात्याने ओठ जुळवले. "दो... दोन वार. तीन वार!" आणि स्वतःचाच आवाज ऐकून तो हमसून रडला.

सहा दिवस चांगुणाने कुणाला काही सांगितलं नाही. दिराला तर मुळीच नाही. आबासाहेबाच्या पोटात गोष्ट गेली की ती मठाच्या पायरीवरून बाहेर पडायची. रविवारी ती नवऱ्याला गाडीत घालून मठात आली. हातात झाकलेली वाटी, मागे नर्सबाई.

"म्हाराज," ती म्हणाली, "आज पाजते मी. आमच्याच हिरीचं हाय."

"आगं, मारतीस काय नवऱ्याला?"

"मारायचा आसता तर तांब्यानं पाजला आसता."

तिने तात्याची मान खाली घेतली आणि चमचा लावला. वाटी रिकामी झाली. कबुतरंसुद्धा उडाली नाहीत.

"माजं तीर्थ कालवलं हिनं!" बाबा ओरडला. "चोरलं!"

"मग दोन्ही सारखीच म्हणायची," पुष्पावती पुढे झाली. वाटीच्या तळाशी उरलेल्यात तिने आयोडीनचा थेंब टाकला, काळानिळा. बाबाच्या तीर्थात टाकला, काळानिळा. तांब्यातल्या साध्या पाण्यात टाकला, नुसता तपकिरी.

बाबा असा तसा हरणारा नव्हता. "निळं झालं! बगा, बगा! भुताचं ईख वर आलं!"

"बरं झालं सांगितलंत," असं म्हणून पुष्पावतीने मठातल्या प्रसादाच्या भातावर थेंब टाकला. भात काळानिळा. "ह्यातपण भूत? सकाळपासून दोनशे माणसं जेवलीत महाराज."

मागून कुणीतरी पोटावर हात ठेवला, आणि हशा फुटला. आबासाहेब मात्र हसला नाही. तो कळवळून म्हणाला, "वैनी, पर दादा सोता व्हय म्हनला की! समद्यांनी ऐकलंय."

"विचारू या त्यांना," पुष्पावती तात्यासमोर बसली. "तात्या, तुम्ही बाई आहात का?"

"व्हय."

"कोपरगावला समुद्र आहे?"

"व्हय."

"आबासाहेबांचं दुसरं लग्न लावायचं?"

"व्हय."

"आत्याबया!" आबासाहेबाची बायको बायकांतून ओरडली. आता सगळा मठ हसत होता; फक्त तात्याचा चेहरा लाजेने तापला होता. त्याला स्वतःचा शब्द ऐकू येत होता, परतवता येत नव्हता. पुष्पावतीने त्याचा हात धरला. "माफ करा तात्या, लोकांना दाखवायचं होतं. हे होकार नाहीत. जिभेवर हा एकच शब्द अडकलाय, तो कशालाही बाहेर पडतो. याच्यावर कागद करणं म्हणजे झोपलेल्याचा अंगठा उठवणं."

चांगुणाने ओच्यातून काळ्या मातीचं एक ढेकूळ काढलं. विहिरीजवळचं. नवऱ्याच्या चांगल्या, डाव्या हातात ठेवलं. "धनी, बोलायचं न्हाई. ज्याला द्यायचं त्याच्या हातात द्या."

बाबाने घाईने ओंजळ पुढे केली. तात्याने ओंजळीकडे पाहिलं, मग पेठेत सौदा तोलावा तसं ढेकूळ हातात तोललं. मूठ वर गेली.

"एक वार," तो म्हणाला. "दोन वार." बाबाची ओंजळ आणखी जवळ आली. "तीन वार!"

आणि ढेकूळ चांगुणाच्या मांडीवर आपटलं.

टाळ्या सुरू झाल्या, पण त्या मधेच थांबल्या. गर्दीतून दाऊद पुढे आला होता, पलीकडच्या आळीत बैलांना नाल ठोकणारा. त्याची आई बिबीजान, असाच झटका आलेली. गेल्या पावसाळ्यात तीन महिने या मठात यायची.

"नर्सबाई," तो हळू म्हणाला, "माज्या आईला हितं उतरायचं. घरी न्हाई. मी तिला निजवूनच पाजत हुतो, तोटीच्या भांड्यानं. मग ताप आला. बाबा म्हनले, तुजा इस्वास कमी पडला." त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. "म्हंजी माज्या हातानं...?"

पुष्पावती त्याच्याजवळ गेली. मग म्हणाली, "नाही दाऊदभाई. तुम्हाला ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं, त्यानं सांगितलं नाही."

सगळ्यांच्या माना बाबाकडे वळल्या. तो तीर्थाचं भांडं उचलून आतल्या खोलीत गेला.

मंगळवारी मठाला कुलूप दिसलं. ही विद्या बाबाने कुठे मिळवली, कुठल्या दवाखान्यात की कुणाच्या आजारपणात, ते तो बरोबरच घेऊन गेला. त्याचा उपाय खोटा नव्हता, हे नीट ध्यानात घ्यावं. खोटं होतं ते भूत. आरारूट गुणकारी होतं म्हणून तर भूत खपलं. तेव्हा कुणी चमत्कार दाखवला की पायांवर डोकं ठेवण्याआधी एवढंच विचारावं, 'हे माझ्या चुलीवर, माझ्या हातानं होईल का?' खरा जाणकार बसून शिकवेल. जो चिडेल, त्याचं दुकान त्या प्रश्नावरच उभं आहे असं समजावं.

आता कुणी काय मोल भरलं ते पाहू. बाबाने काहीच नाही. उलट गुळाच्या ढेपा घेऊन गेला. गावाने नारळ आणि कोंबड्या. आबासाहेबाने कागदाचा हट्ट, आणि पुढचे सहा महिने बायकोचे टोमणे. तात्याने निम्मं अंग आणि अधू झालेलं फुप्फुस; वर्षभराच्या कष्टाने त्याला शब्द मिळाले चाळीस-पन्नास, त्यातला एक "न्हाई". पुरी किंमत भरली ती एकट्या बिबीजानने. टाळ्या वाजल्या त्या रविवारी ती मठात नव्हती. दिवाळीच्या आधीपासून ती नदीकाठच्या कबरस्तानात होती.