रिकाम्याने थांबायचं

काळूरामचा दयाराम रेवसला मुंबईच्या लाँचमध्ये बसला. तिथल्या विमानतळावर विमानांचा क्रम लावणाऱ्या कंट्रोलरच्या नोकरीची परीक्षा होती आणि त्याच्यासाठी ती शेवटचीच. आषाढात पंचविशी पूर्ण झाली की त्याचा अर्जसुद्धा कुणी घेणार नव्हतं. मग आहेच बापाबरोबर मिठागर आणि मिठाने चिरलेल्या टाचा. एवढं शिकून पोरगा पुन्हा चिखलातच आला, असं म्हणायला गावाला कितीसा वेळ लागतो?

बाप मात्र निवांत. काळूरामची हयात खाडीच्या तोंडाशी मिठाच्या होड्या, मचवे, सोडण्यात गेली होती. ओहोटी लागली की वाट एका मचव्यापुरतीच उरते. तेव्हा भरलेला आधी काढायचा, नाहीतर तो गाळात बसतो. रिकामा थोड्या पाण्यातही तरतो, त्याने थांबायचं. दयाराम कळायला लागल्यापासून हेच बघत आला होता. निघताना बाप म्हणाला, "त्यात काय हाय? मचवं न्हाय, तर इमानं."

लेखी पेपर बरा गेला. खरी धाकधूक दुपारी होती. एका खोलीत साहेब घड्याळ घेऊन बसले होते. धावपट्टी एक, विमानं तीन, ऐकून लगेच क्रम सांगायचा आणि सांगितलेला क्रम बदलायचा नाही, असं त्यांनी बजावलं. पहिल्यात चाळीस माणसं, दुसऱ्यात माल. तिसरं टपालाचं, आत पायलटखेरीज कुणी नाही, पेट्रोल दहा मिनिटांचं, बाकी दोघांत तासाभराचं. एकेका विमानाला उतरायला पाच मिनिटं.

दयारामच्या तोंडातून उत्तर धडाधड बाहेर पडलं. माणसांचं आधी, मग मालाचं, रिकामं शेवटी. साहेबांनी काहीतरी लिहिलं आणि पुढच्या उमेदवाराला हाक मारली.

दाराच्या कडीला हात लागला आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे देवा! रिकामा मचवा तरंगत राहतो. टाकी रिकामी झालेलं विमान कशावर राहणार? आपण बापाची खाडी आभाळात नेऊन ठेवली आणि एक माणूस मारला.

गप्प बाहेर पडावं, असं त्याला फार वाटलं. बाकीच्या गुणांवर निभावलंही असतं. चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली की नाव कटलंच. तरी तो मागे फिरला.

"साहेब, टपालाचं विमान आधी उतरवा."

"तुमची वेळ संपली," साहेब मान वर न करता म्हणाले.

"माझी संपली. त्याच्या टाकीत अजून सात-आठ मिनिटं आहेत."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. घड्याळाकडे पाहिलं. आत आलेल्या उमेदवाराला त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं आणि खुर्चीकडे बोट केलं.

"बसा. आता माणसांच्या विमानाला काय सांगाल?"

दयाराम बसला. चाळीस माणसांना थांबा म्हणताना त्याचा एकही शब्द अडला नाही.