लंबा दाहिने, छोटा बाएं

सव्वीस जानेवारीच्या परेडमध्ये मी चालणार, हे मी आमच्या अख्ख्या मेहरूणला सांगून टाकलं होतं. धुळ्याचे मामा खास त्यासाठी येणार होते. आणि रुपचंद सर मैदानावर येऊन म्हणाले, "आपली एनसीसीची तुकडी निम्मी करायची आहे. फौजेतच जागा कमी होऊन राहिल्या, तिथं आपण कोण?"

सर निवृत्त सुभेदार. त्यांनी लगेच हुकूम सोडला, "लंबा दाहिने, छोटा बाएं!" उंच उजवीकडे, बुटके डावीकडे, सगळ्यांची एकच रांग. मग सर रांगेच्या मधोमध जाऊन उभे राहिले. "इथून डावीकडचे घरी."

झालं. डावीकडे आम्ही सगळ्या मुली, हॉस्टेलचा वना पावरा, आणि मुलींतच माझी मैत्रीण तहरीम, जिच्या 'सावधान'ला झाडावरचे कावळे उडतात. उजवीकडे उरले कुंदन पाटील, त्याचे चुलतभाऊ आणि त्यांचे चुलतभाऊ. सरांनी नुसतं "पाटील" म्हटलं असतं तर अख्खी तुकडी "जय हिंद सर" म्हणाली असती.

"घर जाय आते, दिपा," कुंदन म्हणाला. "तुले जागा नही शे."

मागच्या वर्षी मी गपचूप घरी गेले असते. यंदा मी हात वर केला.

"सर, ही तुकडी नाही वाटत. कुंदनच्या लग्नाचं वऱ्हाड वाटतंय."

कोणी हसलं नाही. सर तर नाहीच. "मग कशी करू?"

"गिनती घ्या ना सर, रोज घेता तशी. विषम आकडे राहतील, सम घरी. म्हणजे थोडे थोडे सगळेच राहतील."

सरांनी जरा विचार केला. "गिनती कर!"

एक, दो, तीन करत आकडे आमच्याकडे यायला लागले. कुंदन दो. तो माझ्याकडे बघतच राहिला. वना विषम. तहरीम विषम, आणि तिचा आकडा पार मेहरूणच्या तलावापर्यंत ऐकू गेला असेल. माझी नि तहरीमची उंची सारखीच, म्हणून मी रोज तिला चिकटून उभी राहते. हे मला तेव्हा आठवलं.

"चौबीस!" मी म्हणाले. जोरातच म्हणाले, आता लपवून काय.

नवी तुकडी चालायला लागली. खरंच छान दिसत होती. मी कट्ट्याकडे गेले, तर तिथे कुंदन आधीच बसलेला.

"तुनामुये मी बी गऊ," तो म्हणाला.

"माझ्यामुळे मीपण गेले," मी म्हणाले. "सरक तिकडे."